नारळ फुटायच्या आधी प्ले दाबायचं नाही

१३ जुलै २०२५, रविवार

मंडळाची मीटिंग. वडे गार, चहा पांचट, अध्यक्ष गरम.

अध्यक्ष म्हणजे काशीरामदादा. पंखा त्यांच्या बाजूला, माईक त्यांच्या हातात, आणि एवढ्याशा खोलीत माईक कशाला, हे विचारायची छाती कोणाची नाही. "यंदा प्लायवूडचा देखावा बंद," ते म्हणाले. "चौकाचौकात एलईडी आल्यात. आपल्याच बाहुल्या अजून माना हलवतात. यंदा स्क्रीन लावायची, तिच्यावर कार्टून चालवायचा."

निकेश माझ्या शेजारी बसला होता. टपाल नाक्यावर त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे, पण आळीत त्याला गॅरेजवाला कोणी म्हणत नाही, देखावेवाला म्हणतात. लग्न झाल्यापासून दर गणपतीला मी चित्रं काढते, निवेदन लिहिते आणि माझ्याच आवाजात वाचते. तो त्या चित्रांची माणसं प्लायवूडमध्ये कापतो, त्यांचे हातपाय खिळ्यांवर बसवतो आणि भंगारातल्या वायपरच्या मोटरी लावून आणि मागून दोऱ्या ओढून त्यांना नाचवतो. बोर्डावर नाव 'निकेश आर्ट्स'. त्यातली आर्ट्स म्हणजे मी.

त्याने कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली, इतकंच. मग काशीरामदादांनी सांगितलं की मुंबईची एक पार्टी तयार कार्टून देते, फक्त मंडळाचं नाव बदलायचं. तेव्हा माझी जीभ माझी परवानगी न घेता उठली. म्हटलं, "कार्टून आम्ही करू."

"वहिनी, तुमाला येतंय?"

"येतं की."

येत नाही. ठरलं असं: सतरा ऑगस्टला चालवून दाखवायचं. नाही जमलं तर मुंबईची पार्टी, आणि यंदा एकदा ती आली की निकेश आर्ट्सला पुन्हा कोणी बोलावणार नाही, हे न बोलता सगळ्यांना कळलं.

घरी येताना निकेश म्हणाला, "त्याच्यात माझं काय काम?"

मी म्हटलं, "बघू."

हे काही उत्तर नव्हे, मला माहीत आहे.

१५ जुलै, मंगळवार

शाळेच्या ऑफिसातून सुटल्यावर हेतलच्या क्लासला गेले. बाजारात मोबाइलच्या दुकानावर तिची खोली आहे. बाहेर पाटी: 'नवशिक्यांसाठी डिजिटल ड्रॉइंग व अ‍ॅनिमेशन'. आत सगळे नवशिके गुडघ्याएवढे. मी शिरले तर एका मुलाने उठून मला खुर्ची दिली, त्याला वाटलं कोणाची तरी आई फी भरायला आली.

हेतल पनवेलचीच. वय तिशीचं, बोलणं झरझर. "मनिषाबेन, एक फ्रेम म्हणजे एक चित्र. दुसरी फ्रेम म्हणजे तेच चित्र, जरासं बदललेलं. भराभर दाखवलं की डोळा फसतो. बस, एवढंच."

एवढंच असतं तर खाली मोबाइलवाल्यानेही क्लास काढला असता.

विषय ठरवला: लग्नाची हळद. नवरदेवाचा बाप हळदीसाठी शेताचा एक तुकडा विकतो, डीजे आणतो. दुसरा विकतो, स्टेज बांधतो. तिसरा विकतो, बॅनर लावतो. शेत लहान होत जातं, बॅनर मोठा होत जातो. शेवटी बॅनरमागे डोंगर दिसेनासा होतो आणि नवरा-नवरीला उभं राहायला एक बांध उरतो. मे महिन्यात काशीरामदादांच्या मुलाची हळद झाली, तेव्हा त्यांचा बॅनर टपाल नाक्यावरून वळून पुढच्या रस्त्यावर गेला होता. हा निव्वळ योगायोग.

निवेदन लिहून, सोबत बापाचं कागदावरचं चित्र काढून, टेबलावर ठेवलं.

१९ जुलै, शनिवार

शाळेला सुट्टी. सकाळभर एकच बटण दाबत होते. 'नवी फ्रेम' असं त्याच्यावर लिहिलंय, पण ते राखाडी पडलेलं. दाबा, काही होत नाही. आणखी जोरात दाबा, तरी नाही. सरकारी खिडकीसारखं: उघडी दिसते, आत माणूस नाही.

सासूबाई, म्हणजे कृष्णाबाई, पलंगावर बसून बघत होत्या. "काय गो, दिसभर त्या डब्यात काय बगतेस?"

"फ्रेम बनवतेय, आई."

"फोटोची? मग सुताराला सांग."

हेतलला फोन केला. ती म्हणाली, "कुठल्या लेयरवर बसल्या आहात? मागच्या चित्राच्या? त्याला कुलूप आहे ना? कुलूपवाल्या लेयरवर फ्रेम कशी येणार? वरच्या लेयरवर क्लिक करा, मग बटण जागं होईल."

जागं झालं. म्हणजे बटण बिघडलं नव्हतं, मी चुकीच्या दारात उभी होते.

लेयर म्हणजे काचा. एकीवर डोंगर, तिच्यावर दुसरी काच, तिच्यावर माणूस. हे मला लगेच कळलं. आमच्या देखाव्यातही मागे पडदा, पुढे झाडं, त्यापुढे बाहुल्या असतात. निकेशला दाखवायला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "बरा हाय," आणि मागच्या शेडमध्ये गेला. माणसाला राग आला की तो प्लायवूडच्या वासात जाऊन बसतो.

२७ जुलै, रविवार

आठवडाभर खपून नवरदेवाचा बाप तयार केला. डोकं एका लेयरवर, पोट दुसऱ्या, दंड तिसऱ्या, कोपरापासून पुढचा हात चौथ्या. मिशीलाही वेगळी लेयर दिली, कारण ती हसताना वर जायला हवी. कुठे खिळा बसेल तिथे ठिपका काढला. असा बाप काढलाय की बघणाऱ्याने आधी नमस्कार करावा.

एकटी बाहुली चालवून बघायला आमच्यात हरकत नसते. प्ले दाबलं.

बाप जागचा हलला नाही.

पुन्हा दाबलं. खालची पट्टी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन परत आली आणि बाप माझ्याकडे बघत राहिला. थेट काशीरामदादाच. सगळे अवयव जागेवर, काम शून्य.

२९ जुलै, मंगळवार

हेतल हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. "मनिषाबेन, ढीगभर लेयर आणि फ्रेम एकच! हात उचलायचा तर दुसऱ्या फ्रेममध्ये उचललेला हात काढावा लागतो ना? तुम्हाला काय वाटलं, खिळ्यावर आपोआप फिरेल?"

हो. अगदी तेच वाटलं. इतकी वर्षं मी चित्रं सुटी करून द्यायची आणि हलवायचं काम निकेशचं. चित्र सुटं झालं की माझं काम संपलं. मी बाहुली काढून ठेवली आणि मोटरची वाट बघत बसले.

"मुलांकडून अशी चूक होत नाही," हेतल म्हणाली. "ती सगळं एकाच फ्रेमवर गिरगटतात. लेयरवर एवढं प्रेम पहिल्यांदा बघतेय."

घरी हे कोणाला सांगितलं नाही. निकेश जेवताना म्हणाला, "चालला का तो?" म्हटलं, "चालेल." शेडमधून आज संध्याकाळीही जिगसॉ करवतीची घरघर. गॅरेजचं काम घरी आणतो हल्ली. माझ्या नाकावर टिच्चून आवाज करायचा, इतकाच हेतू दिसतो.

३ ऑगस्ट, रविवार

आता फ्रेमा येतात, पण कोऱ्या येतात. नवी फ्रेम घेतली की डोंगर गायब, शेत गायब, बाप गायब. पहिले दोन दिवस मी प्रत्येक फ्रेमवर डोंगर नव्याने काढला. दर वेळी तो थोडा वेगळा आला, म्हणजे डोंगर नाचणार आणि बाप उभा राहणार. हेतलने सांगितलं, डोंगराची लेयर वेगळी ठेवा, त्याची एकच फ्रेम शेवटपर्यंत ताणा. चादर ओढावी तशी ती ओढली आणि सगळीकडे डोंगर आला. दोन मिनिटांचं काम. मी दोन दिवस घालवले होते.

आणि कागदावर मागच्या चित्राची फिकट सावली दिसते. खोडायला गेले, जाईना. पेन बदललं, खोडरबर मोठं केलं, जाईना. मला वाटलं स्क्रीनवर डाग पडला म्हणून ओल्या फडक्याने पुसली. ही म्हणे सोय आहे. मागची फ्रेम अंधुक दिसते, म्हणजे किती बदल केला ते कळतं. मला अशी सोय नको. आधीचं चित्र मानेवर बसून बघतंय असं वाटतं. बंद केली. कागद स्वच्छ, डोकं स्वच्छ.

हेतल म्हणते, दर दहा फ्रेमांनी प्ले दाबून बघत जा. हे आमच्यात चालत नाही. मोटर एकेकटी तपासायची, बाहुली एकेकटी चालवायची, पण नारळ फुटायच्या आधी पूर्ण देखावा चालू करायचा नाही. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम. एकदा आदल्या दिवशी चालवला तर मोटर जळली आणि देवी धनुष्य अर्ध्यात धरून दहा दिवस उभी राहिली. मी या नियमाची वर्षानुवर्षं टिंगल केली आहे. निकेशला म्हणते, मोटर तुमच्या वायरिंगने जळली, नारळाचा काय संबंध?

तरी प्ले दाबलं नाही. बोट गेलं आणि परत आलं. उगाच कशाला.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमा. आई भावाकडे करंज्याला गेल्या. हेतल सुरतला गेली, भाऊ तिथे असतो. घर शांत आहे, शेडमधली घरघर सोडून.

आज स्वतःच एक शोध लावला. फ्रेमवर उजवं बटण दाबलं की दोन गोष्टी येतात: 'कॉपी' आणि 'क्लोन'. कॉपीने फाइल जड होते, लॅपटॉप धापा टाकतो. क्लोनने अजिबात जड होत नाही. म्हणजे क्लोन चांगला. एकदा रंगवलेला पडदा दहा दिवस वापरावा तसं. पहिली फ्रेम क्लोन केली, शेताचा एक घास खोडला, बॅनर बोटभर वाढवला. ती क्लोन केली, आणखी एक घास, आणखी बोटभर. काम असं धावायला लागलं की जेवायचं विसरले. प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा बरोबर तेवढीच बदललेली दिसते, जेवढी मला हवी.

आता वाटतं, हे कठीण नव्हतंच. शिकवणाऱ्यांना कठीण करून सांगायची हौस.

निकेशने विचारलं, "जेवायला वाढू?" त्याने स्वतः वाढलं. भात कच्चा होता. तोही खाल्ला, इतकी खुशीत होते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पुरं झालं. शेवटच्या फ्रेममध्ये शेत नाही, बॅनर पूर्ण, नवरा-नवरी बांधावर. रोज संध्याकाळी सेव्ह करून बंद करते, काही हरवायला नको. पाच दिवस हातात आहेत. काशीरामदादांना निरोप पाठवला: तयार आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सतराला दाखवायचं तर आधी एकदा चालवावं लागणार. नियम मोडायचा तर रीतसर मोडू, असं आईंचं म्हणणं. करंज्याहून त्या सुके बोंबील आणि नारळ घेऊन आल्या होत्या. "नारल फोर आनि मग चालू कर. देवाला काय कलतंय, मंडपातला का घरातला." देवाच्या बुद्धीवर आईंचा असा विश्वास आहे.

टेबलापाशी नारळ फोडला. पाणी लॅपटॉपवर उडू नये म्हणून निकेशने वर ताट धरलं. इतक्या दिवसांनी तो या खोलीत आला.

प्ले दाबलं.

पहिल्याच फ्रेमला शेत नाही. बॅनर पूर्ण. नवरा-नवरी बांधावर.

दुसऱ्या फ्रेमला तेच. शेवटच्या फ्रेमपर्यंत तेच. माझा रेकॉर्ड केलेला आवाज सांगतोय, "बापाने पहिला तुकडा विकला," आणि विकायला तुकडा शिल्लकच नाही. हळद लागायच्या आधीच सगळी जमीन गेलेली.

आई म्हणाल्या, "चांगलाय की. हालत नाय तेवरा."

हेतल सुरतहून आली होती. फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मनिषाबेन, क्लोन म्हणजे वेगळं चित्र नाही. एकच चित्र, बऱ्याच जागी दिसतं. एकात खोडलंत की सगळ्यांत खोडलं गेलं. पुढे जाताना तुम्हाला प्रत्येक ठिकाणी बरोबरच दिसणार, मागे वळून बघितल्याशिवाय कळणारच नाही. ती मागची सावली चालू होती ना? तिच्यात लगेच कळलं असतं."

"बंद केली होती."

"मध्ये प्ले पण नाही दाबलंत?"

नारळाचं सांगितलं. ती हसलीसुद्धा नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

रोज सेव्ह केलेलं, त्यामुळे जुनं काही नाही. एकच चित्र आहे. सुंदर आहे, असं म्हणायला हरकत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी शाळेत झेंडावंदन. मुलं जिलेबी खात होती, मी मुंबईच्या पार्टीचं नाव बोर्डावर कसं दिसेल याचा विचार करत होते.

घरी आल्यावर एक्स्टेंशन बोर्ड हवा म्हणून शेडमध्ये गेले. कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी मोठं. वर करून बघितलं.

नवरदेवाचा बाप. प्लायवूडचा. माझाच, मिशीसकट, खिळे बसवलेला. त्याच्यामागे डीजेची गाडी. शेताच्या पाच फळ्या, एकामागे एक सरकणाऱ्या. बॅनर कापडाचा, रुळावर गुंडाळलेला, चेनने वर जाणारा. पूर्ण निवेदन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, लाकडात कापलेलं.

निकेश मागे उभा होता.

"निवेदन कधी वाचलंत?"

"टेबलावर होता."

"म्हणजे मला जमणार नाही, हे तुम्ही आधीच धरून चालला होता."

"मी असं कंदी बोललो?"

"हे प्लायवूड बोलतंय की."

"अगो, काशीराम बंद बोलला म्हणून हात थांबतात काय? पावसात मी हेच करतो. दुसरा काय करू संध्याकाळचा?"

"मग मला दाखवायचं होतं!"

"तू बोलावलास काय मना?"

मी निघून आले. दार आपटलं, ते नीट बसत नाही म्हणून दुसऱ्यांदा आपटावं लागलं. माणूस महिनाभर माझ्या पडण्यासाठी गादी घालत होता आणि मी समजत होते की तो रुसलाय. त्याची गादी मला नको. प्लायवूड बंद आहे, काशीरामदादांनी सांगितलंय. मी नव्याने काढणार.

हेतलला फोन केला. ती म्हणाली, "सेकंदाला बारा चित्रं विसरा. चार काढा, प्रत्येक चित्र जास्त वेळ थांबवा. थोडं झटक्याने हलेल, पण हलेल. आणि क्लोनला हात लावू नका. प्रत्येक वेळी कॉपी. सावली चालू."

शेतापासून सुरुवात केली. तीन वेळा नवी फ्रेम घ्यायची विसरून जुन्याच फ्रेमवर काढलं. हात थकला की हे होतं. चौथ्या वेळी रडू आलं. त्याला फ्रेमशिवाय दुसरं कारण नव्हतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

बाहेर दहीहंडी. काशीरामदादांची हंडी नाक्यावर, स्पीकर इतका की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरतंय.

निकेश गॅरेज बंद ठेवून सकाळीच स्टूल घेऊन आला आणि माझ्या डाव्या हाताला बसला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने लॅपटॉपकडे बोट केलं. "बटणं मी दाबतो. तू काढ. कुठला दाबायचा ते सांग फक्त."

सांगितलं. त्याला दोनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा नाही.

मग दिवसभर हे असं: "कॉपी घेतली. क्लोन नाय. पेन नव्या फ्रेमवर हाय. सावली दिसते. काढ." मी शेताचा घास खोडायचे, बॅनर वाढवायचे. "झाला? कॉपी घेतली. क्लोन नाय. पेन नव्या फ्रेमवर हाय..." दर फ्रेमला तेच, न चुकता, न कंटाळता. मोटरी तपासताना तो असाच ओरडतो: एक नंबर चालू, दोन नंबर चालू. मला या माणसाच्या ओरडण्याचा कायम वैताग आला आहे.

मध्येच म्हणाला, "बापाचा हात वर जाताना खांदा पन जरा उचल. नायतर लोंबलेला वाटतो." उचलला. बरा दिसला. "तुमच्या प्लायवूडमध्ये कुठे उचलतो खांदा?" मी विचारलं.

"तिकडे खिळा हाय. इकडे तू हायस."

दुपारी आईंनी बोंबलाची चटणी आणि भाकरी इथेच आणून दिली. "दोगांना एकच ताट आनलाय, धुवायला मीच हाय."

दर दहा फ्रेमांनी निकेश प्ले दाबायचा. पहिल्यांदा त्याचं बोट थांबलं. मी म्हटलं, "नारळ परवाच फुटलाय की." त्याने दाबलं. शेत लहान झालं. एका घासाने, पण झालं.

खोलीत दोन माणसांना जागा नाही. कोपर लागतं, स्टूल करकरतं. उठा म्हणायचं सुचलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

दाखवलं. मंडळाच्या खोलीत, भिंतीवर चादर लावून.

काशीरामदादा पुढच्या खुर्चीत. पहिला तुकडा गेला, डीजे आला. दुसरा गेला, स्टेज आला. बॅनर वाढायला लागला तसे मागचे लोक हसायला लागले, आणि मग एकेक करून काशीरामदादांच्या मानेकडे बघून थांबले. निवेदनात बॅनर टपाल नाक्यावरून वळला तेव्हा खोलीत फक्त पंख्याचा आवाज. निकेशने माझ्या साडीचा पदर धरला होता. पळायचं ठरवलं तर मला मागे ठेवू नये म्हणून असेल.

संपलं. काशीरामदादा वळले.

"वहिनी, हा बाप मी काय?"

"तुम्हाला वाटतो का?"

"मना वाटतंय." ते पुन्हा चादरीकडे बघत राहिले. "पन गल्यात चैन कुठं हाय? माजी एवरी जाड चैन, लोक लांबून वलखतात. चैन घाला, म्हंजे सगल्यांना कलेल कोन ते."

चाबूक मारावा आणि समोरच्याने तो कमरेला बांधून आरशात बघावं, तसं झालं. मी आजवर लिहिलेली सगळी टोचणारी निवेदनं आठवली. ती कोणाला टोचली असतील, याची आता खात्री राहिली नाही.

"आणि झटक्याझटक्याने हलतंय," एक कार्यकर्ता म्हणाला.

"आपल्या प्लायवूडच्या बाहुल्याच हालतात अशा," काशीरामदादा म्हणाले. "तेच बरा हाय. मुंबईवाल्याचा लय गुळगुळीत होता, बगून झोप येत व्हती. पास."

चैन आता प्रत्येक फ्रेममध्ये काढायची. हेतल म्हणाली, वर एक नवी लेयर घ्या, चैन तिच्यावर. निकेश म्हणाला, "मी दाबतो, तू काढ." पिवळा रंग भरपूर लागला.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

सकाळी घरचा गणपती, संध्याकाळी मंडळाचा. शेडमधला प्लायवूडचा बाप काशीरामदादांनी मंडपाच्या दारात उभा करवला. मोटरवर हात वर करून येणाऱ्याचं स्वागत करतो. निकेशने गुपचूप त्याच्याही गळ्यात चैन रंगवली. लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. पहिला फोटो काशीरामदादांनीच काढून घेतला. हळदीच्या खर्चाचं काय, असं त्यांना कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, कारण ते आमच्या बोर्डाकडे बघत होते, आणि पुढच्या वर्षीचं काम त्यांच्याच हातात. बोर्डावर यंदा 'निकेश-मनिषा आर्ट्स' आहे. हे निकेशने रंगवलं. मला विचारलं नाही. 'मनिषा'च्या वेळी जागा कमी पडून शेवटचं अक्षर चेपलंय.

नारळ फुटला. हेतलने मागे जाऊन प्ले दाबलं.

आणि तेव्हा लक्षात आलं की आम्हा दोघांना मागे काही कामच नाही. इतकी वर्षं देखावा चालू झाला की मी पडद्याआड माईक धरून, आणि तो दोऱ्या आणि स्विचबोर्ड सांभाळत. समोर काय दिसतं ते आम्हाला आळीतले लोक सांगायचे. आज आम्ही दोघं फिरून पुढे आलो आणि चपला काढायच्या जागेपाशी गर्दीत उभे राहिलो. आपलाच देखावा समोरून बघायची ही पहिली वेळ.

स्पीकरमधून माझा आवाज आला. इतका चिरका असेल असं वाटलं नव्हतं. मी जिथे हशा धरला होता तिथे लोक गप्प राहिले, आणि शेताचा पहिला घास गेला तिथे, जे मी हसायचं म्हणून लिहिलंच नव्हतं, तिथे फुटले. पुढची एक बाई मागे वळून म्हणाली, "अहो, सरका की जरा, पोराला दिसत नाही." आम्ही सरकलो.

निकेश स्क्रीनकडे बघतच नव्हता. तो लोकांच्या तोंडांकडे बघत होता. एक आजोबा हसताना कवळी सांभाळत होते, एक मुलगी बापाच्या खांद्यावर बसून बॅनर कुठवर जातो ते बोटाने दाखवत होती. आणि स्क्रीनवरचा बाप हात वर करायच्या जरा आधी, दर वेळी, निकेशचा उजवा हात कमरेपाशी खाली ओढला जात होता. जिथे दोरी असायची तिथे. मग बॅनर वर गेला, तेव्हा पुन्हा.

त्याला ते कळत नव्हतं. मी सांगितलं नाही. आळीत सगळे ओळखीचे, त्यामुळे हात धरायचा प्रश्न नव्हता. मी फक्त अर्धं पाऊल त्याच्या उजवीकडे सरकून उभी राहिले, म्हणजे त्याचा हात दुसऱ्या कोणाला दिसू नये, आणि त्याला खुशाल ओढता यावा.